चळवळीचं गाणं कुणाशी बोलतं? आमच्या गटाला वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऐरोलीतल्या एका समाजमंदिरात महिन्याच्या शेवटच्या रविवारी संध्याकाळी आम्ही काही जण जमतो. दिघा, कळवा, तुर्भे, नेरूळ, ठाण्याच्या वागळे इस्टेटकडून माणसं येतात. हक्कांच्या लढ्यांत जन्मलेली गाणी आम्ही ऐकतो, म्हणतो आणि त्यांच्यावर बोलतो. आंबेडकरी जलशापासून अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या चळवळीपर्यंत. नवं माणूस आलं की चहाच्या वेळेला प्रश्न सुरू होतात. त्यातले पुन्हापुन्हा येणारे इथे घेतले आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण विषयच तसा आहे.

गाण्याने कुणाचं मत बदलतं का हो?

समोरच्या पक्षाचं म्हणत असाल, तर फार क्वचित. नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० ला सुरू झाला आणि १९३५ पर्यंत रेंगाळला. त्या सगळ्या काळात दार काही उघडलं नाही. पण त्याच वर्षांत खेड्यापाड्यातला, वस्तीतला माणूस बदलला, आणि त्यात गाण्याचा वाटा मोठा आहे.

चळवळीचं गाणं आधी आपल्याच माणसाशी बोलतं. जो घाबरलाय त्याच्याशी. ज्याला वाटतं की आपल्या वाट्याला आलं ते नशीब आहे, त्याच्याशी. २० मार्च १९२७ ला महाडला चवदार तळ्याचं पाणी प्यायलेल्या लोकांना त्याच दिवशी मार खावा लागला, आणि मग ते आपापल्या गावी परतले. गावात तोच पाटील, तीच वेस, तीच गावकीची कामं. पाणी पिताना हजारो जण सोबत होते. घरी परतल्यावर चार घरं. त्या चार घरांतल्या माणसाला 'तू एकटा नाहीस' हे रोज कोण सांगणार? नेता रोज येऊ शकत नाही. छापलेलं पत्रक आलं तरी वाचायला येणारा वस्तीत एखादाच. गाणं मात्र डोक्यात बसून घरापर्यंत येतं, आणि बायको भाकरी करताना तीच ओळ गुणगुणायला लागते. आमच्या मते गाण्याचं खरं काम इथे होतं.

जलसा म्हणजे नेमकं काय? तमाशासारखाच असायचा का?

साचा तमाशाचाच होता, आणि ते जाणूनबुजून होतं. गण, गवळण, बतावणी, वग हा क्रम प्रेक्षकाच्या अंगवळणी पडलेला होता. त्याला नवी कला शिकवायची गरज नव्हती. महात्मा फुल्यांनी २४ सप्टेंबर १८७३ ला सत्यशोधक समाज स्थापन केला, आणि पुढे सत्यशोधकी जलशांनी हाच साचा हाती घेऊन कर्मकांडावर आणि सावकारीवर गावोगाव हल्ला चढवला. १९३० च्या दशकात भीमराव कर्डक आणि त्यांच्या साथीदारांनी तो आंबेडकरी चळवळीच्या कामी लावला. शृंगाराला रजा दिली, नाचीला रजा दिली. बायकांच्या भूमिका पुरुषच करत.

आता प्रसंग असा डोळ्यांसमोर आणा. रात्रीची जेवणं झालीत, चाळीच्या चौकात बत्ती टांगलीय. डफ, ढोलकी, तुणतुणं, झांज. बतावणीला दोघं उभे राहतात, एक शिकलेला आणि एक जुन्या वळणाचा. जुना विचारतो, मेलेलं ढोर ओढायचं सोडलं तर गाव आपल्याला बलुतं देईल का? शिकलेला समजावतो. जुना पुन्हा फाटा फोडतो: आणि पोरं शाळेत घातली तर गुरं कोण राखणार? समोर बसलेल्यांपैकी निम्म्यांच्या मनात हीच शंका असते. लोक खो खो हसतात. हसतात कुणाला, तर त्या जुन्या वळणाच्या माणसाला, म्हणजे कालपरवाच्या स्वतःला. कुणी अंगावर ओरडलं असतं तर हेच लोक उठून गेले असते. हसून मोकळे झाले की गाणं लागतं. शाहीर ओळ टाकतो, झीलकरी ती उचलतात, 'जी जी रं जी' करत पुढे नेतात. दुसऱ्या-तिसऱ्या कडव्याला झील पुढच्या रांगेत गेलेली असते, आणि मग पाठीमागे उभ्या बायकांपर्यंत.

झील उचलली की ऐकणारा बोलणारा होतो. जी गोष्ट पाटलासमोर एकट्याने उच्चारायची छाती नव्हती, ती त्याने आत्ता दोनशे माणसांत मोठ्याने म्हटलेली असते. तोंडाला तिची सवय लागते. आपली दहा भाषणं आणि कर्डकांचा एक जलसा सारखाच, असं बाबासाहेब म्हणाल्याचं जुने कार्यकर्ते सांगत आले आहेत, ते याचसाठी.

अमेरिकेतल्या चळवळीची गाणी तुम्ही का घेता? आपला काय संबंध?

जात आणि वंश एकच, असं आम्ही म्हणत नाही. गुलामगिरीचा इतिहास वेगळा, तिथले कायदे वेगळे. पण गाणं लोकांशी कसं बोलतं हे पाहायचं असेल तर तिथला दाखला फार भक्कम आहे.

अलाबामातल्या मॉन्टगोमेरी शहरात ५ डिसेंबर १९५५ पासून कृष्णवर्णीयांनी शहरबसवर बहिष्कार घातला. ३८१ दिवस माणसं पायी कामाला गेली. संध्याकाळच्या सभा चर्चमध्ये भरत आणि गाण्याने सुरू होत. तिथे जुनी रीत होती की एकाने ओळ सांगायची आणि सगळ्यांनी ती ओढून म्हणायची, कारण एके काळी बहुतेकांना वाचता येत नव्हतं. म्हणजे आपल्याकडे जशी झील लोकांच्या रक्तात होती, तशी त्यांच्याकडे ही रीत. चळवळीला गाणारे तयार करावे लागले नाहीत.

'वी शॅल ओव्हरकम' या गाण्याचा प्रवास आम्ही नव्या लोकांना आवर्जून सांगतो. जुन्या चर्चगीतांतून ते आलं. १९४५-४६ मध्ये चार्ल्सटनच्या तंबाखू कारखान्यातल्या संपात ते गायलं गेलं, आणि गाणाऱ्यांत कृष्णवर्णीय कामगार बायका होत्या. त्यांच्याकडून ते टेनेसी राज्यातल्या हायलँडर या कार्यकर्त्यांच्या शाळेत झिल्फिया हॉर्टन यांनी उचललं. पीट सीगर, गाय कॅरावान या लोकगायकांच्या हातून ते फिरत राहिलं, आणि एप्रिल १९६० मध्ये रॅले इथे विद्यार्थी कार्यकर्ते जमले तेव्हा कॅरावान यांनी ते त्यांच्यापुढे म्हटलं. पण आम्हाला त्यातला सगळ्यात मोलाचा प्रसंग १९५९ चा वाटतो. हायलँडरवर रात्री पोलिसांची धाड पडली. दिवे घालवले. अंधारात बसवून ठेवलेल्यांत चौदा वर्षांची जमिला जोन्स होती. तिने त्या गाण्यात तिथल्या तिथे नवं कडवं घातलं: आम्हाला भीती वाटत नाही. बाकीच्यांनी ते उचललं. भीती तर वाटत होतीच, पोरंच होती ती. ओळ पोलिसांसाठी नव्हतीच. ती शेजारी अंधारात बसलेल्यासाठी होती.

याच गाण्याचं गिरिजाकुमार माथुरांनी केलेलं हिंदी रूप आपण शाळेच्या गॅदरिंगमध्ये म्हणत मोठे झालो. कारखान्याच्या दारातून आलेलं गाणं आहे ते, एवढं तरी मुलांना सांगायला हवं असं आम्हाला कळकळीने वाटतं.

म्हणजे गाणं पोलिसाशी, सरकारशी बोलतच नाही?

बोलतं, पण आपल्या माणसांच्या देखत. जॉर्जियातल्या ऑल्बनी शहरात १९६१-६२ ला मोठं आंदोलन झालं. 'मला कुणी मागे फिरवू शकणार नाही' अशा आशयाचं एक जुनं गाणं तिथे नव्याने उभं राहिलं, आणि लोक त्यात पोलीसप्रमुख प्रिचेट यांचं नाव घालायचे. ज्याचं नाव दबक्या आवाजात घ्यायचं, त्याचं नाव टाळीच्या ठेक्यात! नाव ऐकून प्रमुखाला काय वाटलं हा दुय्यम प्रश्न. गाणाऱ्याच्या मनातला त्याचा धाक किती उतरला, हे महत्त्वाचं.

१९६१ मध्ये मिसिसिपीच्या पार्चमन तुरुंगात फ्रीडम रायडर्सना, म्हणजे बसमधल्या वंशभेदाविरुद्ध एकत्र प्रवासाला निघालेल्या काळ्या-गोऱ्या कार्यकर्त्यांना, डांबलं होतं. ते गायचे थांबेनात म्हणून तुरुंगवाल्यांनी त्यांच्या गाद्या काढून घेतल्या. तरी गाणं चालूच राहिलं.

प्रत्येक गाणं सगळ्यांनी मिळून म्हणायचंच असतं का?

नाही. १९३९ मध्ये न्यूयॉर्कच्या कॅफे सोसायटी या क्लबात गायिका बिली हॉलिडे यांनी झाडाला लटकवलेल्या कृष्णवर्णीयांच्या प्रेतांबद्दलचं 'स्ट्रेंज फ्रूट' गायला सुरुवात केली. ते सुरू व्हायच्या आधी वेटर थांबायचे, दिवे मालवायचे, चेहऱ्यावर फक्त एक झोत. त्यानंतर त्या दुसरं काही गात नसत. समोर बहुतेक गोरा, शिकलेला, मवाळ प्रेक्षक. त्याला झील धरायला दिली असती तर तो सुटला असता. त्याने गप्प बसून ऐकणं हेच तिथे हवं होतं.

आमच्या बैठकीत हा फरक आम्ही पाळतो. अत्याचाराचं गाणं असेल तर टाळी नको, सूर मिसळायला नको.

भीमगीतं सिनेमाच्या चालीवर असतात. हे उथळ नाही वाटत?

हा प्रश्न आम्हाला जरा टोचतो, म्हणून उत्तर सविस्तर.

चाल उसनी घेणं ही लोकगीताची मुळातली पद्धत आहे. अभंगाच्या, लावणीच्या चालीवर पोवाडे झाले. चर्चगीतावर संपाचं गाणं झालं. भीमगीतांचे मोठे कवी वामनदादा कर्डक सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे. मुंबईत कष्टाची कामं करता करता मोठेपणी अक्षरं शिकले, आणि त्यांच्या लिहिण्याची सुरुवात हिंदी सिनेगीताच्या विडंबनाने झाली. पुढे त्यांनी हजारो गाणी लिहिली. ज्या माणसाकडे पेटीमास्तर नाही, नोटेशन नाही, रेकॉर्ड कंपनी नाही, तो लोकांच्या कानात आधीच बसलेली चाल घेणार नाही तर काय करणार? चाल ओळखीची असली की ऐकणाऱ्याचं सगळं लक्ष शब्दाकडे जातं. आणि गावाकडे परतताना गाणं विसरायची भीती नाही.

१९५६ च्या धम्मदीक्षेनंतर जलशाचा जोर कमी होत गेला आणि गायन पार्ट्या आल्या, कव्वालीचे सामने आले. दोन पार्ट्या समोरासमोर, सवालाला जवाब, पहाटेपर्यंत. मग कॅसेट आली. प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांचे आवाज चैत्यभूमीच्या आणि दीक्षाभूमीच्या स्टॉलांवरून घरोघरी गेले. विठ्ठल उमप यांनी तर २०१० मध्ये नागपूरला दीक्षाभूमीच्या मंचावरच शेवटचा श्वास घेतला. या सगळ्याला 'उथळ' म्हणणाऱ्याने एकदा ६ डिसेंबरला दादरला रांगेत उभं राहून ऐकावं.

हां, चाल निवडताना चुकतं कधीकधी. उडत्या चालीवर हत्याकांडाचं गाणं आलं की ऐकणाऱ्याचा पाय ठेका धरतो आणि शब्द वाहून जातात. असं गाणं आम्ही बैठकीत घेत नाही.

जयंतीच्या मिरवणुकीतला डीजे हाही चळवळीच्या गाण्यातच धरायचा का?

आमच्यात यावर एकमत नाही. आमचं (हे पान लिहिणाऱ्यांचं) मत असं: ज्या रस्त्यावरून आजोबांना मान खाली घालून जावं लागलं, त्या रस्त्यावर नातवाने छाती भरून नाचावं, यातही एक बोलणं आहे. पण भिंती हादरवणाऱ्या आवाजात झील हरवते. कुणाचा आवाज कुणाला ऐकू येत नाही, स्वतःचाही नाही. शेजारच्या इमारतीतल्या म्हाताऱ्या माणसाच्या छातीत धडधडतं ते वेगळंच. ढोलकी, हलगी, पेटी घेऊन काही वस्त्यांमध्ये मंडळी पुन्हा गात निघतात, ते आम्हाला जास्त भावतं.

ठाणे-नवी मुंबईत या गाण्यांचं काय आहे? सगळं तर मुंबई, नाशिक, नागपूरचं.

असं वाटतं खरं. पण थोडं मागे वळून पाहा.

आजचा पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ पर्यंत ठाण्यातच होता. तिथल्या वारल्यांनी १९४५ मध्ये वेठबिगारीविरुद्ध उठाव केला, गोदावरी परुळेकर आणि किसान सभेच्या साथीने. गोदावरीबाईंच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात हे सगळं वाचायला मिळतं, आणि आमच्या बैठकीत त्यातली पानं मोठ्याने वाचली जातात.

नवी मुंबई उभी राहिली ती आगरी-कोळ्यांच्या जमिनीवर. मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली लढा झाला. १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला जासई आणि दास्तान फाट्याला गोळीबार होऊन पाच जण हुतात्मा झाले. घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना त्या रक्तातून आली. २०२१ मध्ये विमानतळाला पाटलांचं नाव द्या म्हणून मानवी साखळी झाली, सिडको भवनावर मोर्चा गेला, तेव्हा आगरी बोलीतली गाणी मोबाइलवरून गावोगाव फिरत होती. आगरी लग्नात धवलारीण धवले, म्हणजे लग्नाची गाणी, म्हणते आणि बाकीच्या बायका तिच्यामागे ओळ ओढतात. ज्या समाजात ही रीत आहे त्याला मोर्चात गायला वेगळं शिकवावं लागत नाही.

आणि रमाबाई नगर. घाटकोपरची वस्ती, आपल्या हमरस्त्यावरच. ११ जुलै १९९७ ला बाबासाहेबांच्या पुतळ्याच्या विटंबनेनंतर जमलेल्या लोकांवर राज्य राखीव पोलिसांनी गोळीबार केला, दहा जण गेले. शाहीर विलास घोगरे ठाण्याला खेटून असलेल्या मुलुंडच्या झोपडपट्टीत राहायचे. त्या गोळीबाराने व्यथित होऊन १५ जुलैला त्यांनी आपलं आयुष्य संपवलं. त्यांची गाणी आम्ही जुलैच्या बैठकीत म्हणतो. त्या दिवशी चहाही उशिरा होतो.

बायकांची गाणी कुठे आहेत? सगळे शाहीरच दिसतात.

मंचावर बराच काळ पुरुष होते हे खरं. पण जात्यावर बायका होत्या. गी पोआतव्हँ आणि हेमा राईरकर या संशोधकांच्या पुढाकाराने जात्यावरच्या लाखाहून जास्त ओव्या जमल्या, आणि त्यांत बाबासाहेबांवरच्या, रमाईवरच्या ओव्याही आहेत. दळणारीने ओवी सुरू करायची, समोर खुंट्याला हात लावून बसलेलीने पुढची म्हणायची. श्रोता एवढाच, समोरची बाई. पण त्यातूनच 'माझा भीमराव' म्हणण्याची आपुलकी आली. भाषणातले बाबासाहेब विद्वान असतात. ओवीत ते भाऊ होतात, माहेरचं माणूस होतात. आज मराठवाड्यातल्या कडुबाई खरात एकतारी घेऊन गातात तेव्हा तोच सूर ऐकू येतो.

तुर्भ्याच्या एक आजी आमच्याकडे येतात. पहिल्या दिवशी कोपऱ्यात बसल्या, माइक नको म्हणाल्या. मग शेजारणीचा हात धरला, जातं फिरवल्यासारखा दोघींचा हात पुढे-मागे केला आणि रमाईची ओवी सुरू केली. हात हलल्याशिवाय त्यांना पुढचे शब्द आठवत नाहीत. आता हॉलमध्ये आजी बसल्या की बायका आपणहून हात पुढे करतात.

अमेरिकेतही फॅनी लू हेमर यांचं उदाहरण घ्या. मिसिसिपीतली शेतमजूर बाई. ३१ ऑगस्ट १९६२ ला मतदार नोंदणी करायला गेलेल्यांची बस परतीच्या वाटेवर पोलिसांनी अडवली. कारण काय, तर बसचा रंग जास्त पिवळा आहे! बसमधली माणसं भेदरली. तेव्हा हेमर बाई गायला लागल्या. त्याच दिवशी त्यांना मळ्यावरचं घर सोडावं लागलं, आणि पुढे त्या चळवळीच्या मोठ्या नेत्या झाल्या.

मी त्या समाजाचा नाही. ही गाणी मी म्हटली तर चालतील?

या, बसा, झील धरा. 'आम्ही भोगलं' म्हणणारी ओळ मात्र ज्याने भोगलं त्याला आधी म्हणू द्या. काही महिने ऐका. अण्णाभाऊ साठे, अमर शेख, द. ना. गवाणकर यांनी १९४४ मध्ये लाल बावटा कलापथक उभं केलं. तिघांची घरं, जाती-धर्म वेगळे, गाणं एक. ते होऊ शकतं, पण मंचावर एकत्र येण्याआधी एकत्र राबावं लागतं.

मला गाता येत नाही.

टाळी येते ना? पुरे.

बैठकीचं रेकॉर्डिंग करून टाकलं तर चालेल का?

गाणाऱ्याला विचारून. आजींच्या ओव्या त्यांच्या परवानगीशिवाय टाकू नका, आणि टाकताना कुणाच्या तोंडची ओवी ते त्यांना हवं असेल तरच लिहा. रील करण्यासाठी गाण्याची एकच ओळ तोडू नका, कडवं तरी पूर्ण ठेवा. आणि रेकॉर्डिंग करणाऱ्यानेही मधूनमधून फोन खाली ठेवून झील धरावी, अशी विनंती आहे.

मी नवं गाणं लिहिलंय. आणू का?

जरूर. घरी एकदा मोठ्याने म्हणून पाहा. धृपदाची ओळ एका श्वासात बसली पाहिजे आणि एकदा ऐकून परक्या माणसाला उचलता आली पाहिजे. नाही आली तर ती छोटी करा. तुमच्या वस्तीतली खरी गोष्ट घाला: पाण्याची वेळ, कंत्राटी सफाई कामगारांचा थकलेला पगार, पाडकामाची नोटीस. 'अन्याय', 'क्रांती' असे मोठे शब्द एका गाण्यात एकदाच ठेवा. शिव्या नकोत. चाल उसनी असेल तर कुठली ते सांगा, म्हणजे ढोलकीवाल्याला सोपं जातं. मोठ्या अक्षरात दोन प्रती लिहून आणा. एक तुमच्यासाठी, दुसरी झील धरणाऱ्यांसाठी. हॉल सहाला उघडतो, चपला बाहेर काढा आणि आत येऊन पुढे बसा.